दोनशे चौदा जनावरांची नावं

नाव ओळखपत्रावर आहे तेच. बाजारात मला कीबोर्डताई म्हणतात. वय एकोणचाळीस. धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती आणि डेटाबेसची कामं. राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, सासूबाईंसोबत. आज सोमवारी दुपारी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर झाले आहे. मला कोणी बोलावलेलं नाही. विचारल्यावरून खरं ते सांगते.

जनावरांच्या दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. तिथले नोंदणीकाका बावीस वर्षं खिडकीवर बसून शुक्रवारी निवृत्त झाले. मी त्यांना काका म्हणते, पण नातं काही नाही. शेवटच्या दिवशी त्यांचं आणि डॉक्टरबाईंचं रजेवरून वाजलं. जाताना काका म्हणाले, "मी गेल्यावर कळेल!" हे सगळ्या वेटिंग हॉलने ऐकलं, त्यात दोन बोकडही होते. बोकडांचं लिहू नका असं हवालदारसाहेब म्हणाले, पण ते होते.

शनिवारी मी जुन्या मशीनवरच्या सगळ्या नोंदी नव्या मशीनवर नेल्या आणि जुनं मशीन मोडीत द्यायचं म्हणून पुसून टाकलं. आज सकाळी साडेनऊला नवं मशीन उघडलं तर एकाही जनावराचं नाव वाचता येईना. नावांच्या जागी डोक्यावर टोपी घातलेली परकी अक्षरं आणि मधूनच चलनाची चिन्हं. डॉक्टरबाई घाबरल्या. कोणाला कुठलं औषध सोसत नाही, हेही त्यातच लिहिलेलं असतं. त्यांना शुक्रवारचं बोलणं आठवलं आणि अकरा वाजता त्यांनी काकांनी मुद्दाम नोंदी बिघडवल्याची तक्रार दिली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. काकांना इथे आणून बाकावर बसवलं, ते अजून तिथेच आहेत.

मी बारा वाजता दवाखान्यात पोचले. ढमी नावाच्या मांजरीची नोंद काढली आणि चिन्हं मोजली. नऊ भरली. ढ, म आणि वेलांटी मिळून तीन. आपल्या प्रत्येक अक्षराचे मशीन तीन तुकडे करून ठेवतं. म्हणजे तुकडे सगळे शाबूत होते, फक्त नवं मशीन ते परक्या लिपीच्या तक्त्यावरून वाचत होतं. तक्ता बदलायची सेटिंग शनिवारी मीच लावायची विसरले होते. ती लावली आणि एक वाजून वीस मिनिटांनी अकरा हजार जनावरं नावानिशी परत आली. कंपाउंडरने टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं.

पण चालू महिन्याची फाइल वेगळी असते, तिच्यातल्या दोनशे चौदा नोंदी परत आल्याच नाहीत. तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर गेलंच, कुठलाही तक्ता लावा. हे कोणी केलं ते शोधायला मी त्या फाइलीत शेवटचा बदल झाल्याची वेळ पाहिली. शनिवार, चार वाजून दहा मिनिटं. काका शुक्रवारीच किल्ल्या देऊन गेले होते. त्या वेळी फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. नोंदी नीट आल्यात का बघायला मी ती हिशेबाच्या रकान्यांच्या प्रोग्राममध्ये उघडली होती आणि नावाचा रकाना अरुंद दिसला म्हणून रुंद केला. बंद करताना "बदल जतन करायचे?" असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो प्रोग्राम अशी फाइल जतन करतो तेव्हा आपली अक्षरं तिच्यात मावत नाहीत, त्यांची प्रश्नचिन्हं होतात, हे मी स्वतः चार पोरींना शिकवते.

हे मला दोन वाजून दहा मिनिटांनी कळलं. ठाण्यात मी तीन वाजता आले. रस्ता सात मिनिटांचा आहे. मधल्या वेळात मी चहा घेतला असं लिहावं.

आल्यावर मी दोनशे चौदा ओळींचा कागद काकांपुढे धरला. त्यात आकडे तेवढे शाबूत होते, म्हणजे वजन, तारीख, फोन नंबर. काकांनी चष्मा पुसला.

"चार किलो दोनशे. पाच प्रश्नचिन्हं?"

"एका अक्षराला एक. वेलांटी, अनुस्वार वेगळे धरायचे."

"मग चिंगी. सुई दिसली की कपाटावर. हिला ते पिवळं औषध चालत नाही, लिही."

काका प्रत्येक जनावर स्वतः काट्यावर चढवत, त्यामुळे वजन हीच त्यांची ओळख. पाऊण तासात दोनशे चौदा नावं झाली. तोवर डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बारा मालकांना फोन लावून पडताळलं. नावं आणि औषधं, बाराच्या बारा बरोबर. मग त्या काकांशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मी चुकले हो." काका म्हणाले, "आधी बाकीच्या मालकांना फोन लावा."

त्यानंतर मी खरं काय ते काकांना सांगितलं. ते हसलेच. हळूच म्हणाले, "पोरी, गप्प बस. माझंच नाव राहू दे. मी काय, घरी बसलेला माणूस. तुझ्या दुकानात उद्या कोण येईल?"

ते मनापासून म्हणाले आणि मला क्षणभर पटलंही. त्याची लाज वाटते. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि संन्यासीच वर सुळी पुढे ओढून घेतोय. म्हणून हा जबाब देते आहे. नोंदणीकाकांनी काहीही केलेलं नाही. चूक माझी आहे.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य बाकापर्यंत ऐकू गेलं नसेल म्हणून मी ते पुन्हा वाचायला लावलं. दोन्ही वेळा ते बरोबर आहे.