पुडीतला भंडारा

सोलापूरच्या तुरुंगाबाहेर भेटीच्या रांगेत माझ्यापुढे शहरातल्या लालबी होत्या आणि त्यांच्यापुढे माळशिरसकडच्या मायाक्का. दोघींचीही मुले आत होती.

"तुरुंगातल्या त्या धर्माच्या वर्गानं वाटोळं केलं बगा माझ्या सिदूचं," मायाक्का म्हणाल्या.

"काय झालं ओ अक्का? माझा तौहीदबी त्याच वर्गात बसतो. परीक्षेत पहिला आला."

"मग त्योबी म्हणतो का, कोर्टात गुन्हा कबूल करतो म्हणून?"

"छे! गाडी आमच्या दारातच सापडली, तरी अजून म्हणतो, मी चोरलीच नाही."

"नशीबवान हाय तुमी. आमच्या सिदूनं भावकीतल्याच्या डोक्यात काठी घातली. पण बगणारा साक्षीदार फिरलाय. वकील म्हणतो, पोरगं सुटतंय. आन् ह्यो म्हणतो, आये, आता खोटं बोलवत न्हाय."

"शिकवणाऱ्या गुरुजींना विचारा की."

"इचारलं. म्हणले, मी फकस्त ग्रंथ शिकवले."

"मग आता?"

"बिरोबाचा भंडारा आणलाय पुडीत. जाळीतनं बोट लावायला लावते आन् शपथ घालते. मी मारलं न्हाय, असंच कोर्टात सांग म्हणून."

"भंडाऱ्याला हात लावून खोटं बोलायची शपथ?"

मायाक्कांनी पुडीची घडी पुन्हा घट्ट केली.

"सिदूची आई कोण? चला आत, लवकर!" शिपाई ओरडला.

"भाभी, ही पुडी धरा जरा."

"अन् त्याला काय सांगणार?"

"जेवतूस का न्हाय, ते इचारते."