इव्हेंटचा रकाना

(अंबरनाथमधल्या एका कारखान्याचं टाइम ऑफिस, १९५३. टेबलाशी हेडक्लार्क श्यामकांत. समोर चामटोलीहून आलेला कामगार जयदेव आणि त्याची आई मोतीबाई.)

श्यामकांत : पण झालं काय ते सांग ना सरळ. मुलगा की मुलगी?

जयदेव : मुलगी व्हती.

श्यामकांत : होती म्हणजे?

मोतीबाई : रडलीच नाय, भाऊसाहेब. सुईन पालथी धरून थापटत रायली. पोटातच गेली व्हती.

श्यामकांत : अरेरे. आणि मी आपला पेढ्यांची वाट बघतोय. मावशी, बसा त्या स्टुलावर.

जयदेव : बसाया येळ नाय. मागल्या म्हैन्यात तुमी माजा अर्ज लिवलेला, तीच रजा पायजे. तीन दिस.

श्यामकांत : हा काय, इथेच आहे. 'हॅपी इव्हेंट एक्स्पेक्टेड.' साहेब खूश झाले होते वाचून.

जयदेव : म्हंजे काय लिवलंय?

श्यामकांत : घरात शुभ घटना घडणार आहे, असं. आता जन्माचा दाखला जोडला की रजा मंजूर.

जयदेव : दाखला देनाऱ्या गावच्या पाटलाकडं गेलेलू. तो बोलला, पोर रडली नाय तं जल्म कसा लिवू?

श्यामकांत : मग मृत्यूचा दाखला आण.

जयदेव : त्यो बी मागला. बोलला, जल्म नाय तं मरन कुठनं आनू?

श्यामकांत : कठीण आहे रे.

जयदेव : तुमच्या त्या जाड्या बुकात बगा ना, इव्हेंट म्हंजे काय लिवलंय ते.

श्यामकांत : डिक्शनरीचं काय विचारतोस? घडलेली कुठलीही गोष्ट म्हणजे इव्हेंट. आपल्या स्पोर्ट्समध्ये रस्सीखेच असते ना, तीसुद्धा इव्हेंट. पण या फॉर्मवर इव्हेंट तीनच. बर्थ, मॅरेज, डेथ. चौथा इव्हेंट साहेब मानत नाहीत.

जयदेव : मंग माज्या घरात घडलं ते काय?

श्यामकांत : तेच मला सुचत नाहीये. चौदा वर्षं हे रकाने भरतोय मी. नुसतं 'सॅड इव्हेंट' लिहिलं, तर खालचा रकाना विचारतो, कोण वारलं?

जयदेव : बायको आजारी हाय, असं लिवा.

श्यामकांत : बायकोच्या आजाराला रजा नाही. तुझा स्वतःचा आजार लिहिला तर कारखान्याचा डॉक्टर तपासणार.

जयदेव : आनी तसाच घरी रायलू तं?

श्यामकांत : विनारजा तीन दिवस भरले की नाव कटतं. गेल्याच महिन्यात दोघांचं कटलं. तू कामावर ये बाबा. मावशी आहेत ना सुनेजवळ.

मोतीबाई : मला आवरत नाय ती. पोरीला बांधाजवळ मीठ घालून पुरली. काल सुनेला, तुळशीला, दूध उतरलं. तवापासून एकच बोलते, लेकरू भुकेलं हाय. उठते नि थेट बांधावर. दोन येळा माती उकरली तिनं. नखं फुटली, भाऊसाहेब. मी धराया गेले तं मला पाडून गेली. आता शेजारची कौसाबाई बसलीये, ती बी दुपारपातूर.

श्यामकांत : देवा रे.

जयदेव : बदलापूरचा डॉक्टर बोलला, तीन-चार दिसांत दूध आटंल, तंवर एकटी सोडू नको. मी धरली तं ऱ्हाते ती. गप पडून ऱ्हाते.

श्यामकांत : जयदेव, मी आत्ता उठून आत जाईन रे. साहेब विचारतील, व्हॉट इज द इव्हेंट? मग मी काय सांगू? तुझी शपथ, मला त्या भाषेत शब्द नाही.

मोतीबाई : आई मेली तं किती दिस देतात?

श्यामकांत : तीन. का हो?

मोतीबाई : मंग मला मारा.

जयदेव : आये, गप.

मोतीबाई : तूच गप. कागदावरच मरायचं हाय. मी काय साहेबाच्या म्होरं फिराया येते?

श्यामकांत : मावशी, त्यालाही दाखला लागतो.

मोतीबाई : पाटील माज्या आत्येभावाचा पोर. माजं लिवंल तो. मी जल्मलेली हाय ना.

जयदेव : भाऊसाहेब, नका लिवू. जित्या आयेला कसं कुनी...

श्यामकांत : आणि मावशी, पुढे खरीच वेळ आली तर याला रजा मिळायची नाही. आईची एकदाच देतात.

मोतीबाई : तवा मी सुट्टीचा वार बगून मरंन.

जयदेव : आये...

मोतीबाई : तुला तुळशी पायजे का नको? मंग उगा हुबा रा. लिवा, भाऊसाहेब.

श्यामकांत : उघडकीला आलं तर माझंही नाव कटेल. बरं. नातं, मदर. इव्हेंट, डेथ. मावशी, तारीख आणि वेळ सांगा. काहीही सांगा.

मोतीबाई : काय बी कशाला? परवाचा दिस लिवा. पहाटं, कोंबडा आरवल्यावर.

जयदेव : आये, ती तं पोरीची येळ.

मोतीबाई : व्हय. कुठं तरी लिवलेली असू दे.