श्वास रोखणारा प्लॅन

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक बोहुश तोमेचेकसाहेब, निवृत्त होत असलेल्या आमच्या डॉक्टर ल्युबित्सा ह्रोन्स्का मॅडम, मंचावरचे पाहुणे, आणि खाली कोबीचं सूप गरम होतंय हे माहीत असूनही बसून राहिलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मॅडमबद्दल बोलायला मला का उभं केलं? कारण त्यांनी सर्वांत जास्त वेळा डोक्याला हात लावला तो माझ्यामुळे!

तुम्हाला माहीतच आहे, फुप्फुसातल्या रक्ताचा दाब वाढला की माणूस चार पायऱ्यांत थकतो. तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीभोवतीच्या नसा बाहेरूनच किरणांनी शांत करायच्या, कुठेही कापाकापी नाही, ही आमची ट्रायल. किरण कुठून किती सोडायचे, तो प्लॅन माझ्याकडे. मी तो इतका सुंदर केला की फ्रेम करून भिंतीवर लावावा. अट एकच. पेशंटने प्रत्येक वेळी अर्धं मिनिट श्वास रोखायचा. मी स्वतः टेबलावर झोपून बघितलं. सहज जमलं. मी रोज पोहतो ना!

आमच्या पेशंट झेल्मिरा मावशी इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. टेबलावर आडव्या झाल्यावर त्यांना मी अगदी उत्साहात म्हटलं, "मावशी, आता श्वास रोखा."

त्या धापा टाकत म्हणाल्या, "अरे सोन्या... तो रोखता आला असता... तर मी इथे कशाला आले असते?"

टेक्निशियन भिंतीकडे तोंड करून हसत होते. पण मावशी हसत नव्हत्या. औषधांचा गुण येईनासा झाला होता, आणि या ट्रायलशिवाय त्यांच्यापुढे फार काही उरलं नव्हतं. त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "म्हणजे आता मला घरी पाठवणार?"

मॅडम म्हणाल्या, "घरी हा प्लॅन जाईल. तुम्ही नाही." मग माझ्याकडे वळून, "मातुश, या श्वास घेतील. थांबायचं ते मशीनने."

मी सगळं नव्याने केलं. श्वासाबरोबर रक्तवाहिनी हलते, ती जागेवर आली की किरण सुरू, सरकली की बंद. वेळ खूप लागला. मावशी मध्येच घोरल्या पण.

त्या बऱ्या झाल्या का? हा शब्द वापरायला मॅडमनी मला बंदी घातली आहे. दाब थोडा उतरलाय, ट्रायल चालू आहे, एवढंच मी बोलू शकतो. पण परवा मावशी दोन ठिकाणी बसत बसत डोंगरातल्या जंगलात गेल्या आणि टोपलीभर आळंबी घेऊन आल्या. एकट्या! आता आपल्याकडे आळंबीची जागा कुणी सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. तरी मघाशी मावशी मंचाजवळ आल्या आणि ती जागा त्यांनी मॅडमच्या कानात सांगितली. निरोपाची भेट म्हणून.

मीही लगेच कान पुढे केला. मावशी म्हणाल्या, "तू लांब हो. तू तरुण आहेस, तुझी तू शोध."

मॅडम, सोमवारी पुढचा पेशंट आहे आणि तुम्ही नसणार. शोधतो.

तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला, वर सूप घाला.