लव्हेल जिना उलटा उतरतो

कुणाचा विश्वास बसला नाही. म्हणजे बघा, आई मी, पोरगं माझं, गुडघा माझ्या पोराचा, आणि मी सांगतेय की बाबांनो, तो गुडघा कामातून गेलाय, तर माझ्याच टेबलाशी बसून माझाच तळलेला कॅटफिश खात तो माणूस माझीच समजूत घालतो... तुम्हाला सांगते, खरं बोलायची सोय राहिली नाही.

तो माणूस म्हणजे होलकॉम्बसाहेब. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ गावच्या फुटबॉल संघानं पाठवलेला; फुटबॉल म्हणजे आमचा, हातात चेंडू घेऊन पळायचा तो. मार्च लागला की आमच्या अलाबामात अझेलिया फुलतात आणि करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार भरतो. दात बघून बैल घ्यावा तसे हे साहेब माणसं बघत हिंडतात. माझा लव्हेल एकतिसाचा. कॉर्नरबॅक. कॉर्नरबॅक म्हणजे काय, तर समोरचा वाऱ्यासारखा पुढे धावणार, कुठे वळायचं ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि आमच्यानं त्याच्या कमरेवर डोळा ठेवून उलटं धावायचं. चुकला की अख्खं मैदान आईवरून शिव्या घालतं. आईवरून म्हणजे कुणावरून? मीच ना ती.

तर गेल्या हंगामात गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले झकास. यंत्रात घालून फोटो काढले, झकास. मैदानावर पळवून बघितला, झकास. पण हिवाळाभर तो राहत होता माझ्याकडे, वरच्या खोलीत. रोज सकाळी कठडा धरून, पाठ खालच्या बाजूला करून, एकेक पायरी उलटा उतरायचा. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणतो, "सराव करतोय, आई." सराव! माझी रोझेटा आत्या म्हातारपणी अशीच उतरायची, ती कुठल्या संघातून खेळत होती?

साहेब यायच्या आधी लव्हेलनं मला बजावलं, "आई, तू फक्त वाढ. बोलू नकोस." मी वाढत होते हो. गप्प होते. पण साहेबानंच विचारलं, "पेटवेबाई, घरी कसा असतो हा?" आता विचारल्यावर काय करायचं?

"जिना उलटा उतरतो," म्हटलं. "रोज. गुडघा दुखतो त्याचा. नेऊ नका त्याला."

लव्हेलचा काटा हवेतच राहिला. आणि साहेबाचे डोळे... अहो, पाणावले. म्हणतो, "बाई, उभा जन्म गेला माझा या धंद्यात, पण घरातसुद्धा मागे पाऊल टाकायचा सराव करणारा गडी आज बघितला."

"अहो सराव नाही, दुखणं आहे ते."

"आया अशाच असतात. माझ्या लग्नात माझ्या आईनं सासरच्यांना सांगितलं होतं, याला दमा आहे." मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणतो, "तुम्हाला तो घरी हवाय. कळतं मला."

आणि वाईट काय सांगू, तेही खरंच होतं. तो गेला ओसरीवर, फोनवर आपल्या वरच्या साहेबाला सांगतोय, "जिन्यावर, साहेब, जिन्यावरसुद्धा..." खरं बोलायची सोय राहिली नाही, ती अशी.

तो गेल्यावर लव्हेल भांडी घासत होता. मला वाटलं आता भांडेल. तर पाठमोराच म्हणाला, "दुखतो गं आई. उतरताना फार दुखतो."

"मग सही करू नकोस."

"झुरी चार वर्षांची आहे," म्हणाला. झुरी म्हणजे त्याची लेक. " आत्ता थांबलो तर तिला माझा खेळ आठवणार नाही. अजून एक वर्ष खेळलो तर आठवेल." आणि ताट पुसता पुसता, "नको म्हणालीस तर नाही जाणार."

मी भाजलेल्या पीचचा गोड कॉबलर त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो होकार समजला. आता कॉबलर म्हणजे होकार, असं कुठं असतं का?

झालं, त्यानं सही केली, जिन्याची गोष्ट टीव्हीवर गेली, चर्चमधल्या बाया मला मिठ्या मारायला लागल्या. मी म्हणते अगं दुखतो त्याचा गुडघा, तर त्या म्हणतात, "किती साधी बाई."

सप्टेंबरात पहिला सामना. झुरी माझ्या मांडीवर. समोरचा पोरगा लव्हेलला चकवून गेला, लव्हेल तोंडावर पडला. उठला. गुडघ्याला हात न लावता उठला, आणि का लावला नाही ते त्या गर्दीत मला एकटीला कळलं. त्यानं वर आमच्याकडे बघितलं. झुरीनं हात हलवला. मी डोळे पुसतेय, तोवर मागचा जाड्या ओरडला, "कुणी आणला रे याला?" शेजारचा म्हणाला, "कुठल्याशा जिन्याच्या गोष्टीवर घेतला म्हणे. याच्या आईनं सांगितली." जाड्या म्हणतो, "नाव काय त्या बाईचं?"

आता गर्दीत हरवलीस तर आजीचं नाव मोठ्यानं, स्पष्ट सांगायचं, असं पोरीला पढवलं होतं मीच. खरं बोलायची सोय नाही म्हणते ना मी? पोरगी वळली मागे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओडेसा पेटवे."