तांडेलाने बुजवलेली फट

(बोईसरचा दवाखाना. घिवलीचे मच्छीमार दामू तांडेल खुर्ची रिकामी असूनही उभेच. बायको हिरा शेजारी बसलेली.)

डॉ. हेमाली : बुजवलं? कशाने बुजवलंत?

दामू : राळ नि मेण. होडीची फट आमी तशीच बुजवतो, मॅडम.

डॉ. हेमाली : म्हणूनच ताप आला, दामूकाका. हे भगंदर. जुनं गळू फुटलं, पण त्याची वाट आत राहिली. एक तोंड बाहेर, दुसरं आत शौचाच्या मार्गात. बाहेरचं लिंपलंत, तर पू जाणार कुठे?

हिरा : घ्या! मोरी बुजवली नि म्हनं पानी थांबलं!

दामू : तू गप गो. मॅडम, मंग इलाज?

डॉ. हेमाली : एमआरआयमध्ये वाट दिसेल. मग भूल देऊन तिच्यातून औषधी दोरा ओवायचा, दर आठवड्याला बदलायचा. दोरा हळूहळू कापत जातो, मागून जखम भरत येते.

दामू : दोरा कसला? नायलॉनचा?

डॉ. हेमाली : लिननचा. वर क्षाराचे नि हळदीचे थर.

दामू : नि गाठ सुटली तर?

डॉ. हेमाली : गाठ माझी. तुम्ही हात लावायचा नाही.

दामू : मंग एका घावात कापून टाका ना!

डॉ. हेमाली : त्या वाटेत शौच धरून ठेवणारा स्नायू आहे. तो एकदम तुटला, तर धरवणार नाही.

दामू : अरे देवा! सावकाशच कापा. किती दिस?

डॉ. हेमाली : आठ-दहा आठवडे. तोवर बोट बंद.

दामू : छ्या! आठ दिसांत पावसाळ्याची मासेमारीबंदी उठतेय. बोट कोन नेल?

हिरा : निमेशभावजी नेतील. तुमचाच भाऊ, बुडवनार हाय काय?

दामू : तीन वरसं हे दुखनं घेऊन चालवलंच ना मी? दिवाळीनंतर येतो, मॅडम.

डॉ. हेमाली : आत आणखी फाटे फुटले तर एका दोऱ्यावर भागणार नाही, काका.

दामू : येतो म्हटलं ना!

हिरा : तीन वरसं?

दामू : हां.

हिरा : तवापासूनच तुमी उभ्यानं जेवता. ओट्यावर माज्याशेजारी बसत नाय. विचारलं तर खेकसता. मला वाटलं, माजा कंटाळा आला.

दामू : येडी का काय! लाज वाटायची गो. असल्या जागेचं दुखनं, सांगू कसं?

हिरा : नि मी रडायची, ते कोनाला सांगू?

दामू : मॅडम, पैला दोरा कदी घालता?

डॉ. हेमाली : सोमवारी एमआरआय, मग लगेच.

दामू : हिरा, निमेशला फोन लाव. म्हनावं, यंदा बोट तू ने.