दुसऱ्या मांडीवरची सुई

पान : हात धरून का ठेवलास माझा? सुई टोचू दे की. शेजारच्या खाटेवरच्या पोरीने हूं की चूं केलं नाही. तुझा पोरगा काय राजपुत्र आहे?

शिउयुन : नको कुठे म्हणतेय, सिस्टर पान? पण काही बाळांना दोन देतात ना? दोन मांड्यांत दोन?

पान : आईला हिपॅटायटिस बी असेल तर. लस सगळ्यांना, ती दुसरी सुई त्या बाळांनाच. तुझ्या गरोदरपणाच्या वहीवर ‘दोष नाही’ असा ठसठशीत शिक्का आहे.

शिउयुन : सासूबाई कुठे आहेत?

पान : खाली, सूप गरम करायला. रांग मोठी आहे.

शिउयुन : ते रक्त माझं नाही.

पान : काय?

शिउयुन : तपासणीचं. माझी मामेबहीण छिन गेली होती, माझं ओळखपत्र घेऊन. तोंडाला मास्क लावून. कुणी वर मानसुद्धा केली नाही.

पान : अगं बाई! नोकरीसाठी लोक करतात हे, माहितीये मला. पोटातल्या पोरासाठी करायचं?

शिउयुन : नोकरीसाठीच सुरू झालं. खेळण्यांच्या कारखान्यात आधी रक्त मागायचे. माझं दिलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. तेव्हा छिन गेली, मला काम लागलं. आणि या वेळी... आमच्या गावच्या दवाखान्यात या वह्या सासूबाईंची बहीणच भरते, सिस्टर.

पान : म्हणून पुन्हा छिन. छिनचं बाळ असतं तर एक सुई पुरली असती! सरकारने ही तपासणी सक्तीची केली ती तुला पकडायला नाही गं. याला वाचवायला.

शिउयुन : काल कळा यायला लागल्यापासून तेच डोक्यात आहे.

पान : कितीला जन्मला?

शिउयुन : पहाटे पाच वीसला.

पान : आणि आत्ता तीन. बारा तासांच्या आत द्यायची असते ती. तोंड उघडायला एवढा वेळ?

शिउयुन : वहीत न लिहिता नाही देता येणार?

पान : लिहिल्याशिवाय ती बाटली कपाटातून बाहेर येत नाही. बाही वर कर. या वेळी तुझं रक्त. अर्ध्या तासात कळेल, तोवर डॉक्टरांची सही आणते.

शिउयुन : सासूबाईंना सांगाल?

पान : नाही. नवऱ्यालाही नाही, तसा नियमच आहे. पण दोन मांड्यांवर दोन पट्ट्या दिसणार. त्या कशा लपवू मी?

(पाऊण तासाने. सासू सुपाचा डबा घेऊन येते.)

सासू : अख्खा जिल्हा सूप तापवायला आलाय! घे, ताजा मासा आहे, दूध उतरेल. आणि याला असं काय गुंडाळलंय, पानात बांधलेल्या भाताच्या झोंग्झीसारखं? बघू... अगं, दोन? त्या पोरीला तर एकच आहे. चुकून दोनदा टोचलं की काय! थांब, बोलावते तिला.

शिउयुन : नका बोलावू, आई. दुसरी मीच मागितली.

सासू : मागून घ्यायला भाजी आहे का ती?

शिउयुन : मला हिपॅटायटिस बी आहे. जन्मापासून. माझ्या आईकडून आला.

सासू : काहीतरीच. माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने शिक्का मारलाय.

शिउयुन : ते रक्त छिनचं होतं.

(सासू बाळाच्या मांड्या पुन्हा दुपट्यात झाकते.)

शिउयुन : आई?

सासू : म्हणून. चार वर्षांत तुझ्या जेवायच्या काड्यांनी माझ्या वाटीत एक घास वाढला नाहीस कधी. सुना वाढतात. मोठी वाढते. मला वाटायचं, शहरात राहून आलीये, आमची किळस येते हिला. बहिणीपाशी किती गाऱ्हाणी केली तुझी.

शिउयुन : जेवणातून लागत नाही, आई. मलाही माहीत होतं. तरी हात पुढे व्हायचा नाही.

सासू : आणि याचं काय?

शिउयुन : दोन्ही सुया वेळेत झाल्या. आता महिन्याने एक, सहाव्या महिन्यात एक. वर्षाचा होत आला की रक्त तपासायचं. तोवर नक्की सांगत नाहीत.

सासू : त्याचंच रक्त नेशील ना? का छिनच्या पोराचं?

शिउयुन : त्याचंच.

सासू : बहिणीला काय तोंड दाखवू मी? तिची नोकरी आहे त्या शिक्क्यावर.

शिउयुन : मी सांगेन मावशींना. तुम्हाला घरी जायचं असेल तर जा. मी बघते याचं.

सासू : टाके ओले आहेत अजून, आणि म्हणे मी बघते. दे त्याला इकडे. दोन्ही मांड्या दुखत असतील, खालून हात घाल. असा.

शिउयुन : तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही.

सासू : तू खा आधी. निवतंय ते.

शिउयुन : हो.

सासू : आणि त्या माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा आहे ना, तो काढ. तुझ्याच काड्यांनी. माझ्या वाटीत वाढ.