बाविसाव्या किलोमीटरवरचं घर

(प्रतापनगर, रेल्वे क्वार्टर. रविवारची सकाळ. मथुराबाई संडासाच्या बंद दाराबाहेर बादली घेऊन उभ्या.)

मथुराबाई : निरुपमा, दोनदा चहा गरम केला मी. पळायला निघालीस की राहायला आलीस?

निरुपमा : आले मावशी. आतलं पाणी संपलं.

मथुराबाई : भरलेली बादली संपली? ही घे दुसरी.

निरुपमा : ठेवा तिथंच. घेते मी.

मथुराबाई : समोरची गुजरातीण विचारत होती, आ बेन दर रविवारे केम आवे छे? दर रविवारी का येते म्हणे ही. म्हटलं, भाची आहे. बावीस किलोमीटर पळून माझ्या संडासात येते, हे कुठल्या तोंडानं सांगू?

निरुपमा : पुढच्या रविवारची शर्यतही इथूनच जाते. तेव्हा पाचच मिनिटं येईन. शर्यतीच्या वाटेवर ते प्लास्टिकचे संडास ठेवतात, पण रांग मोठी.

मथुराबाई : लाल होतंय का गं?

निरुपमा : काय?

मथुराबाई : मागच्या खेपेला पाणी कमी टाकून गेलीस. वाटलं, बीट खाल्लं असशील. आज अर्धा तास झाला. आता बीट वाटत नाही.

निरुपमा : थोडंसंच. लांब पळणाऱ्यांचं पोट बिघडतंच, मावशी. आमच्या ग्रुपात सगळ्यांचं बिघडतं.

मथुराबाई : सगळ्यांना रक्त पडतं?

निरुपमा : तेवढं कुणी कुणाला विचारत नाही.

मथुराबाई : काल काय जेवलीस?

निरुपमा : शनिवार धरते ना मी. दुपारी साबुदाणा, रात्री ताक.

मथुराबाई : आणि आज निघताना?

निरुपमा : गुडघ्याच्या गोळ्या. दोन.

मथुराबाई : उपाशीपोटी?

निरुपमा : खाऊन पळालं की डचमळतं.

मथुराबाई : शाळेत पोरींना विज्ञान तूच शिकवतेस ना?

निरुपमा : त्यांनाच तर सांगून बसलेय, तुमच्या बाई बेचाळीस किलोमीटर पळणार. आठ महिने झाले तयारीला.

मथुराबाई : सलीलला माहितीये हे?

निरुपमा : नवऱ्याला कळलं की बूट माळ्यावर जातील. मावशी, आठवड्यात तेवढे तीन तास मला कुणी काही मागत नाही. एवढी शर्यत होऊ दे. सोमवारी जाते डॉक्टरकडे.

मथुराबाई : उद्या सोमवारच आहे.

निरुपमा : त्याच्या पुढच्या.

मथुराबाई : आमचे हे वर्कशॉपातून पोट धरून यायचे. म्हणायचे, एवढा ओव्हरटाइम संपू दे, मग दाखवतो.

निरुपमा : मग?

मथुराबाई : ओव्हरटाइम तेवढा पुरा केला त्यांनी.

निरुपमा : उघडते दार. भिंत धरून येतेय, हसू नका.

मथुराबाई : हसतंय कोण. बस इथं. पेज टाकते, मग रिक्षानं घरी जा. सलीलला तू सांगतेस की मी?

निरुपमा : आजचे सहा किलोमीटर राहिलेत अजून.

मथुराबाई : राहू देत.

निरुपमा : आजचं ऐकते तुमचं. पण पुढच्या रविवारी दार उघडं ठेवाल ना?

मथुराबाई : पुढच्या रविवारी बंद असेल.

निरुपमा : का, कुठं जाणार आहात?

मथुराबाई : मी कुठं जाणार. आतच बसून राहीन.